ब्रिज लोन: जुना फ्लॅट विकून कर्ज फेडल्यानंतरचा अनुभव

ब्रिज लोन म्हणजे जुनं घर विकण्याआधी नवं घेता यावं म्हणून मिळणारं तात्पुरतं कर्ज; जुनं विकलं की ते फेडायचं. बँक सांगते, ‘दोन वर्षं आहेत, सावकाश विका.’ त्या दोन वर्षांवर विसंबू नका. तयार घर घेतलं असेल तर जुन्या घराच्या नफ्यावरची करसवलत टिकवण्यासाठी नव्या खरेदीपासून एका वर्षाच्या आत जुनं घर विकावं लागतं. तेराव्या महिन्यात विकलंत, तर ४० लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी ५ लाख कर, वर उपकर. मंजुरीपत्रात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. माझा सगळा राग याच गोष्टीवर आहे. मुदत दोन वर्षांची म्हणून विकतात, कामाची असते एकच.

सुरुवातीचे महिने व्याजदर हाच मोठा दोष वाटत होता. ५० लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला ४५,८३३ रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. आता मत वेगळं आहे. दरात अर्धा टक्का सूट मिळाली तर वर्षाला २५,००० वाचतात. विक्री महिनाभर आधी झाली तर त्याच्या जवळपास दुप्पट. घासाघीस करायचीच तर वेळेसाठी करा.

वेळ खातात ते कागद. मूळ दस्त आपल्या बँकेत अडकलेले, आणि त्यांची खात्री पटल्याशिवाय गिऱ्हाइकाची बँक पैसे सोडत नाही. म्हणून जाहिरात देण्याआधीच बँकेकडून जमा कागदांची सही-शिक्क्याची यादी आणि इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत काढून ठेवा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदत्वाच्या दाखल्यावर) सगळ्या मालकांची नावं चढली आहेत का तेही पाहा. सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) तिथेच अडते.

फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला एकूण किती भरायचं ते सांगणारं बँकेचं पत्र) मागताना रक्कम आठ-दहा दिवस पुढच्या तारखेची काढून घ्या. चेक उशिरा आला तर दिवसाला सुमारे १,५०० रुपये व्याज कमी पडतं, आणि तेवढ्यासाठी खातं बंद होत नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावावर सरकारकडे भरायचा कर, आधीच कापतो. ८० लाखांत ८०,००० कमी येतील हे धरूनच हिशेब मांडा.

एक गोष्ट मनापासून आवडली: दर बदलता असल्याने मुदतीआधी फेडल्याचा दंड लागला नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत मिळायलाच हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. शेवटच्या भरण्याची तारखेसह पोचपावती तेवढी हातात ठेवा, कारण दिवस तिथूनच मोजतात.