साहस, प्रेम की अद्भुत: पुढची कादंबरी निवडताना

पाटो-पणजी येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, किंवा मडगावच्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात, नव्या कादंबऱ्यांसमोर उभा राहिलेला वाचक सहसा त्यांतली चांगली कोणती असे विचारतो. त्याआधी आपल्याला सलग किती वेळ मिळणार आहे हे ठरवावे. कारण साहसकथा, प्रेमकथा आणि अद्भुतकथा वाचकाकडे सारखाच वेळ मागत नाहीत.

मडगाव-पणजी बसमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्याने साहसकादंबरी घ्यावी. तिची प्रकरणे बहुधा छोटी असतात आणि प्रत्येक प्रकरण संकटावर थांबते, त्यामुळे दोन दिवसांनी पुस्तक उघडले तरी धागा लगेच सापडतो. मराठीत या प्रकाराची परंपरा भक्कम आहे. नाथमाधवांनी तो रुजवला आणि भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. नव्या साहसकथेची एक कसोटी मला उपयोगी वाटते: नायक अडचणीतून सुटतो तो अक्कल वापरून की योगायोगाने? संकटाच्या ऐन वेळी मोबाइलची रेंज जाणे हा तर अलीकडच्या लेखकांचा फारच सोयीचा योगायोग झाला आहे.

अद्भुतकादंबरीला मात्र चवथीची सुट्टी किंवा पावसाळ्यातले मोकळे दिवस हवेत. तिथल्या जगाचे नियम, घराणी, नकाशे आणि नावे अंगवळणी पडेपर्यंत वाचकाला धीर धरावा लागतो, आणि मध्येच खंड पडला तर मागची पाने पुन्हा चाळावी लागतात. शिवाय ही बहुधा मालिका असते. ‘हॅरी पॉटर’चे सात भाग 1997 ते 2007 या काळात आले आणि चौथ्या भागापासून ते चांगलेच जाडजूड झाले. म्हणून अनुवादित मालिका घेताना मूळ मालिका पूर्ण झाली आहे का आणि तिचे सगळे भाग मराठीत मिळतात का, याची चौकशी आधी करावी. तिसऱ्या भागावर अडकलेला वाचक फार चिडतो. ल. मो. हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, म्हणजे मराठी कादंबरीने अगदी सुरुवातीच्या काळातच अद्भुतरम्य वळण घेतले. पुढे वास्तववादाने जोर धरला आणि नारायण धारपांसारख्या लेखकाची ख्याती मुख्यतः भयकथांवर राहिली. त्यामुळे प्रौढांसाठीची मूळ मराठी अद्भुतकादंबरी शोधताना थोडे अधिक श्रम पडतील.

वेळेच्या दृष्टीने प्रेमकादंबरी सर्वांत सोयीची, निवडीच्या दृष्टीने मात्र सर्वांत फसवी, कारण मलपृष्ठावरचा मजकूर सगळीकडे जवळपास एकसारखाच असतो. मधली वीसेक पाने वाचून त्या दोघांच्या आड नेमके काय येते ते पाहावे. एका फोनने मिटणारा गैरसमज असेल तर पुस्तक परत ठेवावे. जात, पैसा, घरची जबाबदारी किंवा परगावची नोकरी असेल तर ते घेण्यासारखे आहे. बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ ही निव्वळ प्रेमकथा नव्हे, पण देवळाशी बांधल्या गेलेल्या गोव्यातील स्त्रियांच्या आयुष्यातली अडचण समाजाने घातलेली आहे, म्हणूनच ती पोकळ वाटत नाही.

बऱ्याच काळाने वाचनाकडे वळणाऱ्याला मी साहसकथाच सुचवीन. घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर परीक्षा संपल्यावर अद्भुतमालिकेचा पहिला भाग ग्रंथालयातून आणावा आणि त्याने स्वतःहून दुसरा मागितला तरच पुढचे भाग विकत घ्यावेत.