अनवट गाण्यांची यादी द्यायची कशी: लिंक की पेन ड्राइव्ह?

चाळीसच्या दशकातलं गजानन वाटव्यांचं फारसं न वाजलेलं भावगीत, पुढे मालती पांडे, मग नव्वदच्या दशकात कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पडून राहिलेलं एखादं गाणं. अशी स्वतःची यादी जमली की ती कुणाला तरी ऐकवावीशी वाटतेच. माझं मत सरळ आहे: यादीतलं सगळ्यात दुर्मिळ गाणं कुठे मिळतं ते आधी बघा. माध्यम त्यावरून ठरवा. बाकीची गाणी कशावरही जातात.

लिंकची सोय वादातीत. स्पॉटिफाय भारतात २०१९ साली आलं, यूट्यूब तर होतंच. यादी बनवली, व्हॉट्सॲपवर टाकली, की विरारचा मित्र आणि पुण्याची भाची एकाच वेळी ऐकायला मोकळे. नंतर एखादं गाणं बदललं तर त्यांच्याकडेही बदलतं.

पण दुर्मिळ गाणं यूट्यूबवर असतं ते बहुतेक वेळा कुणा संग्राहकाने घरच्या तबकडीवरून चढवलेलं. त्याचं चॅनेल बंद झालं किंवा कंपनीने हक्क सांगितला, की तुमच्या यादीत 'व्हिडिओ उपलब्ध नाही' एवढंच उरतं. आकाशवाणी मुंबईवर गाजलेली कितीतरी गाणी तबकडीवर कधी आलीच नाहीत. कुणीतरी रेडिओवरून टेप केली म्हणून ती टिकली. असलं गाणं ॲपवर शोधत बसू नका.

दुसरी खोट सालांची. जुनं गाणं पुढे एखाद्या संकलनात आलं की ॲप त्या संकलनाचं साल दाखवतं. १९५२ चं गाणं २००५ चं दिसतं. दशकांनुसार लावलेल्या यादीची यात पार वाट लागते.

पेन ड्राइव्हला मेहनत जास्त, पण ताबा तुमचा. ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, तीन मिनिटांची एमपीथ्री साधारण ७ एमबीची होते. पन्नास गाणी म्हणजे ३५० एमबी, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा सगळ्यात स्वस्त पेन ड्राइव्हही पुरून उरेल. मात्र तो 'फॅट ३२' मध्येच फॉरमॅट करा, गाडीतले बरेच जुने स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत टाका आणि नावंही रोमन लिपीत लिहा, नाहीतर स्टिरिओच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात.

खरा वेळ जातो तो आवाज सारखा करण्यात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं हळू असतं आणि त्यापाठोपाठ नव्वदचं गाणं अंगावर येतं. स्पॉटिफाय ही पातळी बऱ्यापैकी सांभाळतं. यूट्यूब मोठा आवाज कमी करतं, पण हळू गाणं वर आणत नाही. फाइल हातात असेल तर ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये हे काम होतं. फक्त खरखर काढायच्या नादी लागू नका. जास्त पुसलं की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं.

व्हॉट्सॲपवर फाइली 'डॉक्युमेंट' म्हणून २ जीबीपर्यंत जातात, पण सगळी गाणी एकत्र बांधलेली झिप फाइल उघडताना घरातली ज्येष्ठ मंडळी अडकतात. सीडीचा विचार सोडा, ती घालायची कुठे?

एक पथ्य पाळा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. त्यामुळे तबकडी जुनी आहे म्हणून गाणं बिनधास्त नेटवर चढवू नका. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर तबकड्या अजून मिळतात, त्या घेऊन घरी उतरवणं वेगळं.

काहीही निवडलंत तरी सोबत गायक, कवी, संगीतकार आणि साल लिहिलेला एक कागद द्याच. पहिल्यांदा वीसच गाणी ठेवा. तीन मिनिटांच्या हिशेबाने तास होतो, म्हणजे बोरिवली ते चर्चगेट धीम्या लोकलमध्ये जवळपास पूर्ण ऐकून होतात.

कानाला हेडफोन लावून फिरणाऱ्या भाच्याला लिंक द्या. गिरगावातल्या मावशीकडे कारवाँ, म्हणजे जुनी गाणी भरलेला सारेगामाचा रेडिओसारखा प्लेअर, असेल तर पेन ड्राइव्हच, त्याला यूएसबी असतं. दोघांनाही द्यायचं असेल तर पेन ड्राइव्ह आधी उरका. क्रम आणि सालं तिथे एकदा नीट लागली, की लिंकची यादी त्यावरून अर्ध्या तासात होते. जी गाणी ॲपवर मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी भाच्याला मावशीकडे जावं लागेल.