स्लोवर थरथरणारी जुनी पिकअप: पंप उतरवायचा की आधी लाइन बघायची?

जुन्या डिझेल पिकअपचं इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर, मिस मारायला (मधला ठोका चुकायला) लागलं की गॅरेजात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे दाबानं डिझेल पाठवणारा पंप आणि ते सिलिंडरात फवारणारे नोझल उतरवा, कॅलिब्रेशनला (बेंचवर मोजून सेटिंग करायला) पाठवा. दुसरा म्हणजे आधी टाकीपासून डिझेलची लाइन बघा, गाडी एअर कुठे घेते, म्हणजे लाइनमध्ये हवा कुठून शिरते, ते शोधा, पंपाचं नंतर बघू. मी दोन्ही करून पाहिलंय. बोलतोय ते फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल पद्धत) असेल तर खाली लिहिलेली पाइप सैल करायची युक्ती अजिबात करू नका. तिथला दाब जिवावर बेतणारा असतो.

पंपवाल्याचा रस्ता वाईट नाही. नोझल थेंब गाळतो का, फवारा नीट फुटतो का, किती दाबाला उघडतो, हे त्याच्याकडे डोळ्यांसमोर दिसतं. चारही लाइनींना सारखं डिझेल जातंय का, हे तो बेंचवर काचेच्या नळ्यांत मोजून दाखवतो. स्लोवर प्रत्येक स्ट्रोकला डिझेल मुळातच थोडं जातं, त्यामुळे एका नोझलमधला किरकोळ फरकही इंजिन हलवतो. रेस दिली की तोच फरक दबून जातो. म्हणून 'रेसला मस्त, स्लोला थडथड' अशी तक्रार असेल तर नोझलवर संशय घेणं रास्तच आहे. सुट्या भागांचीही फारशी अडचण नाही. पंप-नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी नाशिकला सातपूरचा त्यांचा कारखाना आजही आहे आणि जुन्या पंपांचे जाणकार आमच्या भागात भरपूर भेटतात.

तरीही मी हल्ली पंपाला शेवटी हात लावू देतो, आणि त्याचं कारण आहे पंपावरचं सील.

पंपाच्या सेटिंगच्या स्क्रूवर तारेचं सील असतं. ते शाबूत आहे तोवर सेटिंगला कोणी हात लावलेला नाही, एवढं तरी खात्रीनं सांगता येतं. एकदा ते तुटलं की पुढचा प्रत्येक मिस्त्री बॉनेट उघडतो, सीलकडे बघतो आणि म्हणतो, "आधीच्यानं सेटिंग बिघडवलंय." मग बोलणं संपतं. माझ्या आधीच्या गाडीचं असंच झालं. पंप बेंचवरून आला, नोझल नवे, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) नव्यानं बसवलं, फिल्टर नवा. थरथर कमी झाली, पण सकाळी स्टार्टिंग जड आणि पांढरा धूर. आता दोष टायमिंगचा, स्क्रूचा की आधीपासून कॉम्प्रेशनचाच (सिलिंडरात हवा नीट न दाबली जाण्याचा)? एकदम इतकं सगळं बदलल्यावर ते कोणालाच सांगता येईना. पैशांपेक्षा मला याचा मनस्ताप जास्त झाला. गाडीवर पोट असलेल्या माणसाला निदान 'दोष अमुक होता' एवढं तरी कळायला हवं.

लाइनच्या रस्त्यानं गेलं की नेमकं हेच कळतं, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलते. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंत) डिझेल ओढलं जातं. बऱ्याच रोटरी पंपांच्या गाड्यांत तर फिल्टरही या ओढीच्याच बाजूला येतो. ओढीच्या बाजूला फट पडली की चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून लाइन चांगली, असं समजू नका. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा आणि गाडी स्लोवर ठेवा. माझ्या आत्ताच्या पिकअपमध्ये त्या पाइपातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकत होते, आणि बुडबुड्यांचा झुबका आला की इंजिन झोल खायचं. फिल्टरच्या डोक्यावरच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला होता. नवा वॉशर टाकला, हँड प्रायमरनं (हातानं दाबायच्या छोट्या पंपानं) एअर काढली, पाइप स्वच्छ वाहायला लागला आणि इंजिन एका लयीत आलं. पंपाचं सील अजून शाबूत आहे.

बुडबुडे नसतील तर गाडी स्लोवर ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपचे नट एकेक करून थोडे सैल करा आणि लगेच आवळा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी अडखळतं. ज्याच्यानं आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, हात फवाऱ्यासमोर नेऊ नका, दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्याशी बदला, खालचे वॉशर मात्र नवेच घाला. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर दोष नोझलचा. जागेवरच राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन बघा, पंपावर अजून खर्च नको.

केबिन थरथरते पण सायलेन्सरचा ठोका एकसारखा आहे, असं असेल तर बहुधा इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचं रबर गेलंय. आणि स्लोचा स्क्रू पिळून थरथर झाकायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा.

गाडी खूप चाललेली असेल, काळा धूर असेल, ॲव्हरेज पडलं असेल आणि लाइनमध्ये बुडबुडे नसतील, तर खुशाल पंपवाल्याकडे जा. तिथे माझा विरोध नाही, आणि तुमच्या गाडीचा अनुभव वेगळाही असू शकेल. फक्त आधी एकट्या संशयित नोझलची तपासणी करून मागा. पंप उतरवावाच लागला तर पंपाची फ्लँज (बसायची कड) आणि इंजिनाची बॉडी यांवर जुळती खूण स्वतःच्या डोळ्यांदेखत मारून घ्या, आणि सील तोडण्याआधी विचारायला सांगा.