फॅनचा आवाज मोजायचा: डक्टमधलं कडं की बाहेरचा अ‍ॅरे?

टेस्ट रिगवर विमानाच्या इंजिनाचा फॅन आहे आणि पैसे एकाच अ‍ॅरेपुरते, म्हणजे मायक्रोफोनांच्या एकाच संचापुरते आहेत. तो डक्टच्या (फॅनभोवतीच्या नळीच्या) भिंतीत कड्यासारखा बसवता येतो, नाहीतर बाहेर लांब ठेवता येतो. मग आधी ठरवा: आवाज तयार कसा होतो ते हवंय, की कुठून येतो ते?

नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रानं उभारलेला ‘अ‍ॅडव्हान्स्ड नॉइज कंट्रोल फॅन’ घ्या. व्यास ४ फूट, पाती १६, ब्लेड पासिंग फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती पाती एका जागेवरून जातात ते) ५०० हर्ट्झच्या आसपास. मागे २८ स्थिर पाती बसवली, तर टायलर आणि सॉफ्रिन यांच्या १९६२च्या हिशेबानं दुप्पट फ्रीक्वेन्सीला ३२ वजा २८, म्हणजे ४ क्रमांकाचा फिरता मोड मिळतो: डक्टच्या परिघावर ४ लाटा असलेला, गोल फिरणारा आवाजाचा साचा. (मूळ फ्रीक्वेन्सीचा १६ वजा २८, म्हणजे उणे १२. तो डक्टमध्येच विझतो.) हा ४ पकडायला डक्टच्या भिंतीत मायक्रोफोनचं कडं बसवावं लागतं. समान अंतरावर ८ लावलेत तर फसाल. शेजारशेजारच्या दोघांत बरोबर अर्ध्या लाटेचा फरक पडतो. मग ती उजवीकडे फिरतेय की डावीकडे, कळणार कसं? हिशेबानं ९ पुरतात. मी १६च्या खाली उतरणार नाही, कारण ऐन टेस्टच्या दिवशी एखादा मायक्रोफोन मान टाकतोच. आणि त्रिज्येच्या दिशेचे मोड वेगळे करायला एक कडं पुरत नाही. नासानं त्यासाठी डक्टच्या तोंडाशी हळू फिरणारा रेक, म्हणजे मायक्रोफोन लावलेला दांडा, वापरला.

कड्याचं दुखणं एकच, पण मोठं. भिंतीलगतच्या हवेची खळबळ थेट मायक्रोफोनवर आदळते. टोन (पात्यांमुळे ठरावीक फ्रीक्वेन्सीला येणारा सूर) असेल तर शाफ्टच्या पल्सशी, म्हणजे दर फेरीला मिळणाऱ्या खुणेच्या सिग्नलशी, जुळवून सरासरी काढली की ती निघून जाते. ब्रॉडबँड, म्हणजे अनेक फ्रीक्वेन्सींवर पसरलेल्या आवाजाला हा उपाय नाही.

बाहेरच्या अ‍ॅरेला डक्टला भोकं पाडावी लागत नाहीत, आणि बीमफॉर्मिंगचा (सगळ्या मायक्रोफोनांचे सिग्नल जुळवून आवाज कुठून येतो ते काढण्याचा) रंगीत नकाशा पाहून साहेबही खूश होतात. पण २ मीटर रुंद अ‍ॅरे १० मीटरवर ठेवला, तर १००० हर्ट्झला नकाशावर एका बिंदूतल्या स्रोताचाही डाग साधारण २ मीटरचा होतो. अख्खा फॅन त्यात बुडतो! ५००० हर्ट्झला तोच डाग ४० सेंटिमीटरवर येतो. तिथे इंजिनाचं पुढचं तोंड आणि मागचं वेगळं दिसू लागतं. शिवाय नेहमीचं बीमफॉर्मिंग सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले स्रोत गृहीत धरतं. मोड तर डक्टच्या तोंडभर एका तालात पसरलेला असतो. त्यामुळे टोनचा डाग भलत्याच जागी उमटू शकतो.

तेव्हा टोन कमी करायचे असतील तर डोळे झाकून कडं घ्या. वरच्या फ्रीक्वेन्सीचा ब्रॉडबँड हवा असेल, किंवा डक्टला हात लावायची परवानगीच नसेल, तर बाहेरचा अ‍ॅरे. शाफ्टचा पल्स मात्र त्याच्यासोबतही रेकॉर्ड करा. फिरत्या पात्यांवरचा स्रोत शोधायची वेळ आली की तोच लागतो, आणि टेस्ट संपल्यावर तो कुठून आणणार?