पुण्याचं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं छान, पण किती खोल!

फलकावर ‘जिल्हा न्यायालय’, लोकांच्या तोंडी सिव्हिल कोर्टच. जांभळी मार्गिका जमिनीखाली 33.1 मीटरवर, ॲक्वा मार्गिका खांबांवर, रस्त्याच्याही वर. पिंपरी-स्वारगेट (जांभळी) आणि वनाझ-रामवाडी (ॲक्वा) यांची गाठ पडते ती फक्त इथेच, त्यामुळे टाळू म्हटलं तरी टळत नाही.

नकाशावर हा एकच ठिपका दिसतो. प्रत्यक्षात सरकता जिना साधारण सेकंदाला अर्धा मीटर चालतो, 30 अंशांत. म्हणजे उभी चढण सेकंदाला पाव मीटर. 33 मीटरला सव्वादोन मिनिटं, तीही जिन्यावर नुसतं उभं राहून आणि जेमतेम रस्त्याच्या पातळीपर्यंत. मधल्या टप्प्यांवर वळून पुढचा जिना गाठायचा वेळ वेगळा, ॲक्वाचा फलाट त्याहून वर. एखादा जिना बंद असला तर पायऱ्यांचा हिशेब करा: 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर सव्वादोनशेच्या आसपास. गुडघे कुरकुरत असतील किंवा हातात सामान असेल तर सरळ लिफ्टच्या रांगेत उभं राहावं.

एवढं खाली का नेलं? नदीमुळे. कसबा पेठेकडे जाणारा बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो, आणि यंत्राने बोगदा खणताना डोक्यावर पुरेसा कातळ शिल्लक ठेवावाच लागतो. नदी लगेच पुढे, गाडीला उतार देण्याजोगं अंतर नाही, मग स्टेशनच खाली न्यावं लागतं. जागा जुन्या शासकीय धान्य गोदामाची होती, म्हणून निदान एवढा मोठा खड्डा घेता आला. त्याचा एक फायदा मात्र मान्य: छत 95 फूट उंच आहे आणि दिवसाउजेडी ऊन थेट खालपर्यंत पोचतं. तळघराचा कोंदटपणा नाही. हे बाकी झकास जमलंय.

खोलीबद्दलचं मत तारखेवर अवलंबून आहे. स्टेशन सुरू झालं 1 ऑगस्ट 2023 ला, तेव्हा जांभळी मार्गिका इथेच संपायची. पिंपरीहून आलेल्या प्रत्येकाला, मंडईला जायचं असलं तरी, वर येऊन रिक्षा किंवा पीएमपी बस शोधावी लागे. त्या 14 महिन्यांत याला दोन तारेसुद्धा जास्त होते. 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंतचा साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त टप्पा उघडला (पावसाने 26 तारखेचा कार्यक्रम वाहून गेला होता) आणि मंडई-स्वारगेटवाल्यांना जागेवरून हलायचं कारण उरलं नाही. त्यांच्यासाठी आता चार तारे. तक्रार उरली ती गाडी बदलणाऱ्यांची.

बदलताना बाहेर पडायचं नाही, हे लक्षात ठेवा. अदलाबदल फाटकांच्या आतच होते, तिकीट एकच. गर्दीच्या मागे ‘बाहेर’च्या बाणाने गेलात तर प्रवास तिथेच संपला, पुन्हा आत जायला किमान भाड्याचे 10 रुपये नव्याने. फुकट गेले. बाण मार्गिकेच्या रंगाचा बघावा.

आणि दरवेळी बदलायलाच हवं असंही नाही. डेक्कनहून मंडईला मेट्रोने जायचं तर संभाजी उद्यान, महापालिका, सिव्हिल कोर्ट, मग खाली उतरून कसबा पेठ, मग मंडई. ज्यांना कसब्यातच जायचंय त्यांनी महापालिकेला उतरून शिवाजी पुलावरून चालत नदी ओलांडावी. सगळी चढ-उतार वाचते, भाडंही कमीच. स्वारगेटला जायचं असेल तर मात्र निमूट खाली उतरा.

हिंजवडीची मार्गिका 3 सुद्धा इथेच येऊन टेकते, तीही खांबांवर. तिची वीज वेगळी: तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट डीसी, इथल्या दोन्ही मार्गिकांना वरच्या तारेतून 25 किलोव्होल्ट एसी. गाडी एकीवरून दुसरीवर जाऊच शकत नाही. म्हणजे हिंजवडीहून स्वारगेटला जाणारा प्रत्येक जण याच जिन्यांवर येणार. ऑफिस सुटायच्या वेळेला हे जिने पुरतील असं वाटत नाही.