सहकारनगरचा आमचा प्राण्यांचा दवाखाना: आधी शी तपासतात, मग औषध देतात

गेल्या श्रावणात पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या पायथ्याशी एका बंद टपरीखाली आम्हाला बुंदी, कुत्र्याचं पिल्लू, सापडली. जेमतेम दोन महिन्यांची, पोट टम्म फुगलेलं आणि बरगड्या मोजता येतील अशा. घरी आणली, दूध-पोळी बघून तुटून पडली, आणि तरीही आठवड्याभरात आणखीच वाळली. पोट बघून जो तो म्हणाला, जंत झालेत. ते मलाही दिसत होतंच. म्हणून मी प्राण्यांचं खाणं विकणाऱ्या एका दुकानात गेले. त्यांनी एक गोळी दिली आणि "अर्धी द्या" म्हणाले. वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही. मी अर्धी दिली आणि निश्चिंत झाले, याचं मला आजही वाईट वाटतं. चार दिवसांनी तिची शी काळी, डांबरासारखी चिकट व्हायला लागली.

या दवाखान्यात पहिल्यांदा गेले ती अशी, बुंदीला जुन्या टॉवेलात गुंडाळून, भर पावसात. डॉक्टर मॅडमनी तिला आधी वजनकाट्यावर ठेवलं: २.८ किलो. मग ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी असायला हवी, ती जवळजवळ कागदासारखी पांढरी होती. त्यांनी अंगठ्याने हिरडी दाबून सोडली, तरी फिकी ती फिकीच. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, शी आणलीत का?"

नव्हती आणली. कोण आणतं! पण बुंदीने तिथेच टेबलावर सोय केली आणि तपासणी लगेच झाली. हा भाग मला फार आवडला, कारण त्यांनी मला सगळं बघू दिलं. शीचा छोटा गोळा मिठाच्या दाट द्रावणात कालवला, गाळला, एका बारीक नळीत काठोकाठ भरला आणि वर काच ठेवली. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. पंधरा मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. मी डोळा लावला तर पारदर्शक, लांबट गोल अंडी, आणि प्रत्येकात राखाडी दाण्यांचा घोस. एका नजरेत किती तरी. "हुकवर्म," मॅडम म्हणाल्या. मराठीत अंकुशकृमी.

मला वाटायचं जंत म्हणजे शीत वळवळताना दिसणारच. हे दिसत नाहीत. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे असतात, आतड्याला तोंडाने चावून धरतात आणि रक्त पितात. जागा बदलली की आधीच्या चाव्यातूनही रक्त झिरपत राहतं. काळी शी म्हणजे तेच पचलेलं रक्त. बुंदीचं हिमोग्लोबिन ५.८ निघालं. मोठ्या निरोगी कुत्र्याचं १२ ते १८ असतं, पिल्लांचं त्याहून थोडं कमी. आणखी उतरलं असतं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागलं असतं. हे जंत तिला बहुधा आईच्या दुधातूनच मिळाले होते. आईच्या मांसपेशींत अळ्या निजून राहतात आणि पिल्लं झाली की जाग्या होऊन दुधात उतरतात. म्हणूनच पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध सुरू करायचं, आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी. रस्त्यावरच्या पिल्लाला हे कोण देणार?

बुंदीला फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं, किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाला रोज १४० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस. पातळ औषध, सिरिंजवर खूण करून दिली होती. सोबत रक्तवाढीचं सिरप, आणि दूध बंद करून उकडलेलं चिकन-भात आणि थोडी कलेजी. शेजारच्या आजींनी वावडिंग आणि लसूण सुचवला होता, तोही मी विचारून घेतला. लसूण तर अजिबात नको, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात आणि हिच्याकडे आधीच रक्त नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आजींचा मान ठेवून, पण स्पष्ट.

निघताना म्हणाल्या, पंधरा दिवसांनी यायचंच, ती उड्या मारत असली तरी. औषध आतड्यातले जंत मारतं, अंगात इतरत्र फिरणाऱ्या अळ्यांना ते पोचत नाही. त्या मागाहून आतड्यात येतात आणि पुन्हा तेच सुरू. माझी आधीची अर्धी गोळी पुरली नाही, त्यात नवल काय. चौदाव्या दिवशी दवाखान्यातून फोनसुद्धा आला. वजन ३.९ किलो, हिरड्या गुलाबी. औषधाचा दुसरा फेरा झाला, नंतरच्या तपासणीत एकही अंडं नाही.

पण या दवाखान्याला मी मनापासून पाच तारे देते ते एका प्रश्नासाठी. "ती शी कुठे करते?" मी म्हटलं, मागच्या अंगणात, प्राजक्ताखाली. मॅडम थांबल्या. शीतल्या अंड्यांतून ओल्या, सावलीतल्या मातीत थोड्याच दिवसांत अळ्या निघतात आणि त्या तोंडावाटेच नाही तर कातडीतूनही शिरतात. कुत्र्याच्या पंजातून, माणसाच्या तळव्यातून. माणसाच्या कातडीखाली त्या सरपटतात आणि लाल, वळणावळणाची, भयंकर खाजणारी रेघ उठते. मी रोज सकाळी त्याच प्राजक्ताखाली अनवाणी उभी राहून देवाला फुलं वेचत होते. नातू तिथेच मातीत खेळत होता. आम्हा दोघांना काही झालं नाही, पण त्या क्षणी माझे पाय गार पडले.

त्याच दिवसापासून शी पडली की लगेच उचलायची. फरशीवर केली तर धुऊन ब्लीचचं पाणी टाकायचं. मातीला ब्लीचचा उपयोग नाही, तिला ऊन आणि कोरडेपणाच लागतो, म्हणून प्राजक्ताच्या खालच्या फांद्या छाटून ऊन आत घेतलं. फुलांसाठी आता रात्री झाडाखाली जुनी साडी पसरते आणि सकाळी चपला घालून गोळा करते.

उणं सांगायचं तर जागा फार लहान. मांजरं आणि कुत्री एकाच बाकावर, शनिवारी तासभर थांबावं लागतं, गाडी लावायला जागा नाही. आजारी पिल्लू मांडीवर असताना तो तास फार लांब वाटतो. वेळ ठरवून घेण्याची सोय त्यांनी करावी, ही माझी कळकळीची विनंती. पैसे मात्र रास्त: पहिल्या दिवशी तपासणी, शी, रक्त आणि औषधं मिळून १,३५० रुपये झाले, पावतीवर एकेक गोष्ट वेगळी लिहिलेली.

जाताना शी ताजी न्या, सकाळचीच, झाकणाच्या छोट्या डबीत, चमचाभर पुरते. जमिनीवरून उचलताना माती येऊ देऊ नका. शिळी झाली की अंडी फुटून अळ्या निघतात आणि तपासणी फसते. मी आता डबीवर बुंदीचं नाव आणि वेळ लिहून नेते, काउंटरवरचे मामा न विचारता ती आत पाठवतात.