वयोश्री : वस्तू घ्यावी की रक्कम?

ऐकू कमी येणाऱ्या आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या मावशींसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत नाव द्यावे की राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, असा प्रश्न एका परिचितांना पडला होता.

पात्रतेत फरक आहे. केंद्राची 2017 ची योजना 60 वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांसाठी आहे. राज्याच्या 2024 च्या योजनेला वय 65 पूर्ण आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत लागते.

खरा फरक मदतीच्या स्वरूपात आहे. केंद्राच्या योजनेत कानपूरच्या ‘अलिम्को’ या कृत्रिम अवयव व सहायक साधने बनवणाऱ्या सरकारी कंपनीमार्फत शिबिरात तपासणी होते आणि श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कवळी अशी साधने विनामूल्य मिळतात. मात्र शिबिर कधी आणि कुठे भरेल हे आपल्या हाती नसते, आणि तपासणी व वाटप वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे, ज्यांना जिना उतरणेही जड जाते त्यांना दोनदा घराबाहेर न्यावे लागते. राज्याच्या योजनेत 3000 रुपये एकदाच आधारसंलग्न खात्यात जमा होतात आणि खरेदीची पावती समाजकल्याण कार्यालयाकडे द्यावी लागते. गुडघ्याचा पट्टा किंवा कमोड खुर्ची एवढ्यात येते. चांगले श्रवणयंत्र येत नाही.

म्हणून श्रवणयंत्र किंवा चाकाची खुर्ची हवी असेल आणि थांबण्याची तयारी असेल, तर शिबिराचीच वाट पाहावी. किरकोळ साधन तातडीने हवे असेल, तर राज्याचा अर्ज भरावा. मात्र तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेले नसावे.